नानांची थाप काही थांबेना

ढोलकीवर बंद थाप मारली की ती ‘धप्’ वाजून तिथंच मेली पाहिजे. आमच्या घरात ती ‘धुम्मऽऽ’ करायची, आन् पुढची थाप आली तरी मागची उठायचं नाव घ्यायची नाही. जेवण झालेल्या पाहुण्यासारखी.

नाना म्हणजे माझे वडील. फैजपूरकडं आमच्या गावात भजनाला ढोलकी वाजवायचे. पुढं बोटं आखडली, वाजवणं बंद झालं. चांगल्या दिवसांतली एक कॅसेट तेवढी राहिली होती, पण घरातल्या छोट्या टेपवर ती ढोलकी डबड्यासारखी वाजायची. एक दिवस नाना म्हणाले, “माह्या हात मले एकदा नीट आयकू दे रे.” आयुष्यात त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. कारण मला काही जमतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मी केळीतला माणूस, शाळेत गेलो तो फक्त पोरांना बाहेरून हाका मारायला. पण पेटलो. जळगावहून कॅसेट वाजवायचा डेक, अँप्लिफायर आन् दोन मोठे स्पीकर घेऊन आलो. डेक आन् अँप्लिफायर ठेवले पुढच्या खोलीत शोकेसमध्ये, आल्यागेल्याला दिसायला नको का? स्पीकर ठेवले पार मागं, नानांच्या खोलीत. मधे अख्खं घर. कूलरची मोटार भरून आणली होती, त्यातलं उरलेलं तारेचं रीळ पडलं होतं. बारीक, शुद्ध तांबं, सोन्यासारखं चमकणारं. म्हटलं, याच्यापेक्षा भारी तार कोणती? वाशांवरून फिरवून जोडली.

कॅसेट लावली. नानांनी डोळे मिटून आयकलं आन् म्हणाले, “हा माह्या हात नाही. हा कोणी पाण्याच्या टाकीवर बुक्के मारू राह्यला.”

जळगावला दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार थंडपणे म्हणाला, “भाऊ, याचा डॅम्पिंग फॅक्टर कमी आहे.” डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितल्यावर मान हलवतात, तशी मी हलवली.

“मग वाढवून द्या.”

“तो वाढत नसतो. दुसरा अँप्लिफायर घ्यावा लागतो.”

तो मिळेल धुळ्याला, असं त्यानंच सांगितलं. देवपुरात एक मेकॅनिक स्वतः अँप्लिफायर बनवायचा. पहिला विकून त्याच्याकडून दुसरा आणला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, डॅम्पिंग फॅक्टर शंभर. मी गावभर सांगत सुटलो, शंभर! माझ्या नावापुढं शंभर हा आकडा पहिल्यांदाच लागला होता.

घरी लावला. धुम्मऽऽ.

मग मी डोकं चालवलं, म्हणजे नुकसान ठरलेलंच. स्पीकरखाली विटा ठेवल्या. आतमधे जुनी गोधडी कोंबली. तोंडं भिंतीकडं करून पाहिली. बायको म्हणाली, “आता एक नारळ फोडायचा राहिला.” तिला काय माहीत, तो मी सकाळीच फोडला होता.

अँप्लिफायर मांडीवर घेऊन एस्टीनं परत धुळ्याला. तिथं मेकॅनिकच्या स्पीकरवर एकदम चोख. धप्, धप्. घरी आणला, धुम्मऽऽ. परत नेला. मेकॅनिक वैतागला. “भाऊ, याले धुळं दाखाडाले आनता का? तार कसानी शे?”

“शुद्ध तांबं,” मी छाती फुगवून सांगितलं.

“पुढच्या खेपेला स्पीकर आन् तार, बठ्ठं घेऊन या.”

वाशांवरची सगळी तार उतरवली, एक स्पीकर पोत्यात घातला. कंडक्टरनं विचारलं, “केळी का?” आता केळी असती तर रस्त्यात दोन खाता तरी आली असती.

मेकॅनिकनं स्पीकरच्या कागदी पडद्यावर बोटानं टिचकी मारली. ‘ढुम्’ वाजलं. मग जाड तारेचा एक आखूड तुकडा घेऊन स्पीकरची मागची, तार लावायची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली, परत टिचकी मारली. ‘टप्’. पडदा जागेवर गप्प. मला वाटलं, जादू!

“पडदा हलला की तो स्वतः थोडी वीज बनवतो,” तो म्हणाला. “ती अँप्लिफायरमधून फिरली की पडद्याला ब्रेक लागतो. डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे त्या ब्रेकची पकड.” मग तोच जाड तुकडा काढून माझी तार अख्खी जोडली आन् टिचकी मारली. परत ‘ढुम्’. मीटर लावून तो हसायलाच लागला. “विजेला अडथळा स्पीकरचा आठ ओहम, आन् तुमच्या एकट्या तारेचा चार ओहम! शंभराचा ब्रेक तुमच्या घरी पोचेपर्यंत दोनाचा होतो. जाड तार घ्या, आन् अँप्लिफायर स्पीकरजवळ ठेवा.”

एवढंच! एवढ्यासाठी मी अर्धा खान्देश मांडीवर डबा घेऊन हिंडलो.

जाड तार आणली. शोकेस रिकामी केली आन् डेक, अँप्लिफायर दोन्ही नानांच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवले. कॅसेट लावली. थोडी घुमघुम अजून होती, पण थाप पडायची आन् थांबायची. नानांनी आखडलेला पंजा गुडघ्यावर ठेवला. थाप पडली की तो दाबायचे, जसा चामड्यावर दाबतात तसा.

“हाच,” ते म्हणाले. “हाच माह्या हात.”

म्हटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

“आता बटन कोणतं ते सांग, आन् तू जाय,” नाना म्हणाले. “मधे मधे बोलू नको.”

त्या दिवसापासून मशीन त्यांच्या ताब्यात. सकाळी ढोलकी, दुपारी ढोलकी, चहाला ढोलकी. मी हौसेनं आणलेल्या माझ्या गाण्यांच्या कॅसेटी तशाच पडून. एकदा हळूच एक लावायला गेलो, तर म्हणाले, “घरात तुह्या तो जुना टेप हाये ना?”