परीक्षेसाठी राखलेला पाय

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. कापसानं भरलेली बैलबंडी उतारावर कलंडली आणि चाक माझ्या उजव्या घोट्यावरून गेलं. आमच्या रोहणा गावाकडे तेव्हा हाड मोडलं की हाड बसवणाऱ्याकडे जायचं. त्यानं कामट्या बांधल्या, हाड जुळलं, पण पाऊल आत वळून बसलं. तळवा जमिनीला टेकेना. मी पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचो. त्या कडेला घट्टा पडे, घट्टा फुटला की जखम, जखम भरली की परत घट्टा. वखरामागे चालणाऱ्या माणसाचा पाय असा झाल्यावर त्यानं करायचं काय? धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सालदाराला हुकूम सोडणं माझ्या स्वभावात नव्हतं. मला पाय सरळ पाहिजे होता.

म्हणून वर्धेकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं डॉक्टर झालेली पोरं पुढं हाडाचं काम शिकायला राहत. मोठे डॉक्टर त्यांना घेऊन माझ्या खाटेभोवती उभे राहत, मला अनवाणी फरशीवर चालवत, घोट्यावर निळ्या पेनानं रेघा मारत. "टाच मागून बघितल्याशिवाय पाऊल कळत नाही," असं ते म्हणत. मग एकेक शिकाऊ डॉक्टर माझ्या मागं उकिडवा बसे. मी चौथी नापास माणूस. शिकलेली माणसं माझ्या टाचेमागं बसतात याचा मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटे. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा म्हणे, "तुह्या पायाले देवासारखं पुजून राह्यले लेका. नारळ तेवढा फोडाचा राह्यला."

त्या शिकाऊ डॉक्टरांतला एक माझा झाला. पुण्याकडचा, सडपातळ, बोलायला गोड. माझा घट्टा तो स्वतः सोलायचा, जखम धुवायचा, जाड मऊ कापडाची गादी कापून चपलेत बसवून द्यायचा. हाड कापून पाऊल सरळ करता येईल, असं मोठे डॉक्टर बोलले होते. तारीख याच्यामार्फत मिळणार होती.

"काका, तुमचा पाय सरळ करायचं माझ्याकडे लागलं. थोडं थांबा फक्त."

"कुठलोक थांबू बापू?"

"खाट रिकामी होऊ द्या."

घरी येऊन थांबलो. पेरणी गेली, वेचणी गेली. मधूनमधून पाय दाखवायला जायचो, तेव्हा नवं कारण असे. कधी भूल देणारे रजेवर, कधी पाण्याची टंचाई. बायको म्हणायची, "तुमाले फिरवून राह्यला तो." मी तिच्यावरच चिडायचो. हिवाळ्यात त्याला वावरात हुरडा खायला बोलावलं. आला. बायकोनं गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं हातानं चोळून त्याच्यापुढं ठेवली. चांगला पोटभर खाल्ला. म्हणाला, "काकू, पुढच्या हुरड्याला काका नाचतील बघा."

उन्हाळा लागला तेव्हा त्याचा निरोप आला, सोमवारी येऊन भरती व्हा. ऑपरेशनला उपाशी जावं लागतं हे वार्डात राहून मी शिकलो होतो. आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाणीही घेतलं नाही. बायकोनं देवापुढं दिवा लावला. सकाळी वार्डात पोचलो तर शिपाई पोह्यांची बशी घेऊन पुढं आला.

"मले नोको," मी म्हटलं. "माह्यं ऑपरेशन आहे."

"कायचं ऑपरेशन? आज या डॉक्टर लोकाइची परीक्षा आहे. तुमचा पाय पाहून पास-नापास होतीन ते. खाऊन घ्या, दुपारलोक उठू नाई देत."

"अन् ऑपरेशन?"

"मंग पाहतीन. नंबर तर मांगच लागला होता तुमचा. पण नीट झालेला पाय परीक्षेत कायले दाखवतीन? असा पाय दरसाल सापडते काय भाऊ?"

पोहे तसेच राहिले. थोड्या वेळानं तो आला, इस्त्रीचा पांढरा कोट घालून.

"बापू, माहा नंबर लागला होता काय?"

त्यानं दाराकडं बघितलं. "काका, सरांनी तारीख दिली होती. मी पुढं ढकलली. एका वर्षाचाच तर प्रश्न होता." मग आवाज उतरवून म्हणाला, "आता आत आपण एकमेकांना ओळखत नाही हां. मी तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय. नाहीतर माझं वर्ष जाईल."

कोणाला कोणता रोगी द्यायचा हे कसं ठरलं मला माहीत नाही, पण माझ्यापुढं तोच आला. बाहेरगावचे चष्मेवाले परीक्षक शेजारी उभे. "नाव काय तुमचं? गाव कोणतं? पायाला काय झालं?" त्यानं सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. मागं उकिडवा बसून टाच बघितली. जखम वरचेवर का होते तेही बरोबर सांगितलं. मग परीक्षकांनी मलाच विचारलं, "हे डॉक्टर तुमच्या ओळखीचे आहेत का?"

त्याचा हात माझ्या घोट्यावर होता. तो थांबला.

"नाई साहेब," मी म्हटलं. "ह्या माणसाले मी वळखत नाई."

संध्याकाळी मी पिशवी भरत होतो तेव्हा तो पळत आला. "काका, पास झालो. गुरुवारी तुमचं ऑपरेशन. सरांशी बोललो आहे."

"कोन काका? आपली वळख नाई ना बाप्पा. अनोळखी माणसाच्या हाती पाय कसा देऊ?"

"काका, हट्ट करू नका. आता खरंच करतो."

मी एसटी पकडून घरी आलो. सगळं ऐकून बायको म्हणाली, "राग त्याच्यावर, अन् वाकडा पाय तुमचा. नुकसान कोनाचं झालं?" सकाळी वखर जुंपला.

पुढं कधीतरी तो फाट्यावर उतरून घर विचारत आला. मी ओसरीवरच होतो. बायकोनं पाणी दिलं, चहा दिला. बराच वेळ बसला. बोलता बोलता त्याची नजर माझ्या पावलाकडे जायला लागली. मी पाऊल धोतराखाली ओढून घेतलं.