ऑर्कुटवरची नोकरी

आमची स्नेहल वाईट पोरगी नव्हती, हे आधीच सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंची, वत्सलाबाईंची, ती एकुलती एक. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. पोरगी बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षेत दोनदा राहिली आणि आमच्यासंगं झेंडू तोडायला लागली. त्यात लाजायचं काय, तुम्हीच सांगा! पण तिला लाज वाटायची.

दोन हजार सातचं साल. फुलं मार्केटला पोचवली की ती नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. ऑर्कुट म्हणून काहीतरी निघालं होतं. कॉलेजच्या मैत्रिणी त्यावर फोटो टाकायच्या, कुणी बंगलोरचे, कुणी दुबईचे. परीक्षेला गेली तेव्हा पुण्यात एका बँकेपुढं काढलेला फोटो हिनंही टाकला. मोहिनी नावाच्या मैत्रिणीनं विचारलं, "जॉब लागला?" ही बया "हो" म्हणून बसली.

झालं! तिथून रोज नवं काहीतरी लिहायचं. साहेब कसा, डबा कसा, सुट्टी का नाय. घरी आली की जेवण नको, बोलणं नको, झोप तर उडालीच. एकदा फुलं तोडताना मला सगळं सांगितलं अन् वाफ्यातच बसली. "काकू, बंद केलं तर विचारतील, चालू ठेवलं तर रोज खोटं. मी जाऊ कुठं?"

"खरं लिहून टाक एकदा," मी म्हटलं. "दोन दिवस हसतील, हसू दे मेल्यांना!"

"काकू, तिथंच मी जरा बरी दिसते."

माझा संताप झाला आणि कीवही आली. पण जाऊबाईंना मी काही बोलले नाय. चुकलं माझं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्यात कुणाला घरी बसता येत नाय. अख्खं घर झेंडूचे ढीग लावून रस्त्यावर. त्या वर्षी गंगापूर रोडला जागा मिळाली. स्नेहल उन्हाचं निमित्त करून स्कार्फनं तोंड बांधून बसली, नुसते डोळे उघडे. दुपारी एक पोरगी आली, फुलं निवडता निवडता थांबली. "काकू, तुम्ही स्नेहलच्या आई ना? मी मोहिनी. कॉलेजला असताना तुमच्या मळ्यात आले होते."

स्नेहलनं मान खाली घातली आणि मागून आईचा पदर गच्च धरला.

"स्नेहल दसऱ्यालाही आली नाही का पुण्याहून? बँकेत रजा मिळत नाही म्हणे."

पुणं काय, बँक काय, जाऊबाईंना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यांनी मागं वळून बघितलं. पोरीचे डोळे भरले होते, पदर काही सुटत नव्हता. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाय.

"नाय ना आली," जाऊबाई म्हणाल्या. "लय काम असतं तिला."

"आणि या रडतायत का?"

"ही होय? रोजानं लावलेली बाई हाय. डोळ्यात कचरा गेलाय तिच्या."

मोहिनीनं फुलं घेतली, "स्नेहलला सांगा हं, आठवण काढली," म्हणाली आणि गेली. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. "अहो जाऊबाई, एक कानाखाली तरी द्या हिच्या!"

त्यांनी तराजू खाली ठेवला. पोरीकडं न बघताच म्हणाल्या, "तुझी ती पुण्याची स्नेहल भेटली, तर तिला सांग. आई म्हणाली, दिवाळीला घरी ये."