लाल शाईतल्या दुरुस्त्या

मोखाडा तालुक्यातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी तीन वर्षं मराठी शिकवलं. नोकरी तासिका तत्त्वावरची होती. म्हणजे कायम नाही. दर जूनला पुन्हा बोलावणं येतंय का याची वाट बघायची. राहायला मी जव्हारला, वडिलांकडेच. सकाळी एसटीने जायचं आणि शाळा सुटली की परतीची गाडी धरायची.

वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान आहे. घरी आम्ही हिंदी-उर्दूच्या मिसळीत बोलतो. मराठी मी शाळेत शिकले आणि बी.एड.ला जाईपर्यंत इतकी नीट शिकले की लोक म्हणायचे, ‘‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’’ त्यातल्या ‘तुमचं’वरचा जोर मला समजायचा. त्यामुळेच असेल, पण वर्गात चुकीचं मराठी मला खपायचं नाही. वह्या तपासताना मी एकही काना-मात्रा सोडत नसे.

नववीत एक विद्यार्थी होता. हजेरीपटावर त्याचं नाव मुलींच्या यादीत होतं. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचं घर, स्वतःची जमीन नाही, आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे कामाला जायचे. शाळेसाठी तो गावात मावशीकडे राहायचा. मी इथे त्याला ‘तो’ म्हणते आहे. तेव्हा म्हणत नव्हते.

‘माझा सुट्टीचा दिवस’ असा निबंध दिला होता. त्याने लिहिलं होतं : ‘मी मावशीबरोबर खोडाळ्याच्या बाजारात गेलो. मी भजी खाल्ली. मग मी घरी आलो.’ मी लाल पेनने ‘गेलो’ खोडून ‘गेले’ केलं, ‘आलो’ खोडून ‘आले’. पुढच्या वहीत पुन्हा तेच. स्टाफरूममध्ये मी हे बोलून दाखवलं तेव्हा एक सर म्हणाले, ‘‘यांच्या घरची बोली वेगळी, होणारच गोंधळ.’’ मला ते पटलं. तिसऱ्या वेळी मात्र मी चिडले. त्याला उभं केलं आणि म्हटलं, ‘‘दुरुस्त केलेली वाक्यं मोठ्याने वाच.’’

‘‘मी बाजारात...’’ एवढं वाचून तो थांबला.

‘‘पुढे?’’

तो वहीकडे बघत उभा राहिला. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, ‘‘मॅडम, आधी त्याला इचारा, पोरगा हाय का पोरगी!’’

वर्ग हसला. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्याने मान वर केली आणि नेमकं माझ्याकडेच पाहिलं. मी त्या मुलाला ‘‘गप्प बस’’ म्हटलं, याला ‘‘बस खाली’’ म्हटलं आणि पुढचा धडा सुरू केला.

त्यानंतरच्या महिन्यांत जे चाललं होतं ते मला दिसत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मुलींच्या गणवेशातली ओढणी तो कमरेला बांधायचा. मुलं ती मागून ओढून पळायची. त्याला एका घाणेरड्या शब्दाने हाक मारायची, आणि तो शब्द मैदानावर इतक्या वेळा ऐकू यायचा की आम्हा शिक्षकांना तो ऐकू येणंच बंद झालं होतं. ओढणी नीट घेत नाही म्हणून मी स्वतः त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मधल्या सुट्टीत सगळी पोरं पिंपाशी गर्दी करायची, पाणी प्यायला, तेव्हा हा लांब बसलेला असायचा. आठवीपर्यंतच्यांना वाटून उरलेली खिचडी खायचा, पण पाणी प्यायचा नाही. मी मनाशी म्हटलं, सूर्यमाळकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात, या पोराला कमी पाण्याची सवय असेल.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. तरी आठलाच ऊन चटका देतं. एके दिवशी प्रार्थना चालू असताना तो रांगेतच कोसळला. मी आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अंग तापलं होतं, पोटात कळा येत होत्या. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी तपासलं, सलाइन लावली आणि मला बाहेर बोलावलं.

‘‘लघवीच्या जागी इन्फेक्शन झालंय, आणि आजचं नाही. हे पोर दिवसभर लघवी धरून ठेवतं. पाणी तर पीतच नसणार. शाळेत सोय नाही का?’’

‘‘आहे की,’’ मी म्हटलं. शाळेत मुलींची वेगळी स्वच्छतागृहं होती, भिंतींवर सुविचारसुद्धा रंगवलेले होते.

मी आत जाऊन खाटेशी बसले. मावशी त्याच्या पायांशी उभ्या होत्या.

‘‘पाणी का पीत नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘पानी पिलं का जायला लागतं.’’

‘‘मग जायचं.’’

‘‘कुठं?’’

 मग तो आढ्याकडे बघत तुटक तुटक बोलत गेला. मुलींच्या बाजूला गेला की मुली ‘पोरगा आला, पोरगा आला’ म्हणून किंचाळायच्या, दार आतून धरून ठेवायच्या. म्हणून एकदा तो मुलांच्या बाजूला गेला. तिथे मुलांनी बाहेरून कडी लावली आणि अख्खी सुट्टी ती पत्र्याच्या दारावर लाथा मारत राहिली. दारावरच्या फटीतून कोणीतरी मोबाइल आत धरला होता. तेव्हापासून तो शाळेत कुठेच जात नव्हता.

‘‘कोणाला सांगितलं नाहीस?’’

त्याने मावशींकडे पाहिलं. मावशीच म्हणाल्या, ‘‘मला सांगितला होता त्यानं. मी त्याला सैपाकखोलीच्या मागं जाऊ द्यायची. पन मोठ्या सरांनी बघितला नि म्हनाले, इथं घाण नको.’’

शाळेत चार महिने ज्यांना माहीत होतं त्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. त्यांना आम्ही कधी कुठल्या बैठकीला बोलावलेलं नव्हतं.

उठताना मी त्याला विचारलं, ‘‘मी तुझ्यासाठी काय करू?’’

तो माझ्या बाजूला कुशीवर वळला. मग म्हणाला, ‘‘वहीत मी गेलो लिवलं तर ऱ्हाऊ द्या, मॅडम. खोडू नका.’’

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला थोडा अवधी उरला होता आणि तेवढा काळ विनातक्रार काढायचा होता.

‘‘मॅडम, ही पोरं आहेत. चिडवाचिडवी चालायचीच.’’

‘‘सर, दवाखान्यात न्यावं लागलं.’’

‘‘म्हणून आपण काय करायचं? असल्या विषयावर गावात बोलणार कोण? आणि तुम्ही तासिकेवर आहात. तुम्हाला सांगतो, तुमच्या भल्यासाठी सांगतो.’’

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर विद्यार्थी सुरक्षा समितीचा फलक होता. सदस्यांमध्ये माझंही नाव होतं. दर महिन्याला शिपाई रजिस्टर आणायचा आणि मी न झालेल्या बैठकीखाली सही करायचे. त्या दिवशी मी म्हटलं, ‘‘सर, या महिन्याची बैठक खरी घेऊ या. नाहीतर मी सही करणार नाही.’’ मी तक्रार लिहून आणली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

बैठक झाली. त्याची आई भिवंडीहून रात्रीच्या गाडीने आली होती, हाताशी धाकटी मुलगी. दार बंद करून अडकवणाऱ्या मुलांपैकी दोघांचे वडील आले होते. त्यातले एक सुरुवातीपासूनच तापलेले होते.

‘‘पोरगी पोरीसारखी वागली तर कोन कशाला चिडवंल?’’ ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘‘तुमच्यात चालत असंल असलं सगळं. आमच्या पोरान्ला नका शिकवू.’’

 मुख्याध्यापक कागद सारखे करत राहिले. आईने मात्र तोंड उघडलं. तिला शाळेतलं मराठी जड जात होतं, ती थांबत थांबत बोलली.

‘‘ते लहान होतं तवापासून असंच हाय. घरी आमी त्याला पोऱ्याच म्हनतो. त्याचा आज्जाबी म्हनायचा. आमाला त्रास नाय. तुमाला काय त्रास झाला? त्यानं कोनाला मारला? कोनाचं काय घेतला?’’

 शेवटी ठरलं ते असं : मुलांना समज द्यायची, त्यांच्याकडून माफीनामा लिहून घ्यायचा, आणि याच्यासाठी दिव्यांगांचं स्वच्छतागृह उघडायचं. ते बांधल्यापासून कुलूपबंद होतं, आत चुन्याच्या गोण्या आणि तुटकी बाकं होती. गणवेशाबद्दल मी विचारलं, शर्ट-पँट घालू द्याल का? मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मॅडम, एका दिवसात एवढंच.’’

मला वाटलं, आम्ही जिंकलो. मावशींनी आणि मी मिळून ती खोली धुतली.

पण किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायची. दर वेळी त्याने ऑफिसात यायचं, सगळ्यांसमोर मागायची, मैदान ओलांडून जायचं आणि पुन्हा आणून द्यायची. आठवड्याभरात पोरांनी त्याचं नवं नाव पाडलं, ‘किल्ली’. तो ऑफिसाकडे निघाला की व्हरांड्यातून कोरसमध्ये ओरडायची. माफीनामे फाइलला लागले होते आणि त्रास होता तिथेच होता, फक्त आता त्या त्रासाला आम्ही रस्ता आखून दिला होता. मी जव्हारच्या बाजारातून दुसरी किल्ली करून आणली आणि गुपचूप त्याच्या हातात ठेवली. त्याने ती खिशात टाकण्यासाठी हात खाली नेला. मुलींच्या कुर्त्याला खिसा नव्हता.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. शाळेचे गणवेश त्यांच्या दुकानात शिवले जातात. म्हटलं, एकच कुर्ता वेगळा शिवून द्या, कॉलरचा, दोन्ही बाजूंना खिसे. वडिलांनी मशीन थांबवलं नाही. हातातली बाही जोडून झाल्यावर म्हणाले, ‘‘बेटा, हम पे वैसे ही सबकी नजर रहती है. तू इसमें मत पड.’’

मी भांडले. ते ऐकत राहिले आणि शिवत राहिले. त्यांची भीती खोटी आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. बैठकीतलं ते ‘तुमच्यात’ मी त्यांना सांगितलंच नव्हतं, तरी ते त्यांना ठाऊक होतं. कुर्ता शिवला गेला नाही.

दहावीचं वर्ष सुरू झालं. पावसाळाभर तो येत राहिला. वहीत तो ‘गेलो’ लिहायचा आणि मी पुढे बरोबरची खूण करायचे. एवढं मात्र मी केलं. मग गणपतीनंतर कधीतरी एक व्हिडिओ गावातल्या फोनांवर फिरायला लागला. त्या मागच्या वर्षीचा, दारावरच्या फटीतून घेतलेला. त्यात फार काही दिसत नव्हतं. भिंतीला पाठ लावून बसलेलं एक पोर आणि बाहेरचा हसण्याचा आवाज. पण तो ज्या मावशीकडे राहायचा तिच्या नवऱ्याच्या फोनवरही व्हिडिओ पोचला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, पोलिसांत द्यायला हवं, पोर लहान आहे, कायदा आहे. ते म्हणाले, ‘‘आई-बाप तक्रार देतील तर बघू.’’ वास्तविक त्यांच्या परवानगीची मला गरज नव्हती. मी एकटी चौकीत जाऊ शकत होते. बसस्टँडवर उभी राहिले, चौकी समोर दिसत होती, आणि जव्हारची गाडी आली तेव्हा मी गाडीत चढले. का चढले त्याची कारणं मी स्वतःला अनेकदा सांगितली आहेत.

रविवारी मी पाड्यावर गेले. खोपटाच्या दाराला काठी आडवी लावलेली होती. शेजारणीने सांगितलं, आईबाप या पावसाळ्यात तिकडून परतलेच नव्हते, बापाने येऊन त्याला भिवंडीला नेलं.

पुढच्या जूनला मला बोलावणं आलं नाही. कायमचे शिक्षक नेमले गेले, असं सांगितलं, आणि खरोखरच एक शिक्षक रुजू झाले होते. त्यामुळे मला कोणाला दोषही देता येत नाही.

त्याला बाहेरून परीक्षेला बसवायचं मी ठरवलं. सतरा नंबरचा फॉर्म भरायला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो आणायला त्याच्या बापासोबत मी शाळेत गेले. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात क्लार्कने आधीच लिहून ठेवलं होतं : पालकांचे स्थलांतर.

‘‘हे कारण नाहीये,’’ मी म्हटलं.

‘‘स्थलांतर झालंय ना पालकांचं?’’ क्लार्क म्हणाला. ‘‘मग? दुसरं काही लिहिलं तर पोरीलाच पुढे अडचण.’’ बापाने माझ्याकडे बघून हाताने ‘असू द्या’ अशी खूण केली.

तो परीक्षेला बसला. फोनवर मी त्याला व्याकरण आणि पत्रलेखन शिकवलं, गोदामातली पॅकिंगची पाळी संपवून तो अभ्यास करायचा. पास झाला. पुढे शिकायचं म्हणतो, पण जव्हारला यायचं नाही म्हणतो, मोखाड्याला तर नाहीच. भिवंडीत त्याला कोणी ओळखत नाही, हेच त्याला तिथलं सगळ्यात बरं वाटतं.

गेल्या महिन्यात खोडाळ्याच्या बाजारात त्याची आई भेटली. होळीला गावी आली होती. तिने माझा हात धरला, ‘‘तुमी लय केलं त्याच्यासाठी’’ म्हणाली. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला. धाकटी शेजारी उभी होती, आता चांगली उंच झालेली, बोरं खात.

‘‘ही आता पाचवीत जाईल,’’ आई म्हणाली. ‘‘त्याच शाळेत घालू ना, मॅडम?’’

त्या भागात दुसरी शाळा नाही. मी ‘‘घाला’’ म्हटलं. मग तिथेच उभं राहून त्या मुलीला विचारत बसले, तुझ्याबरोबर पाड्यावरून आणखी कोण कोण येणार आहे, किती जणी आहात, सुट्टीत एकत्र जाता की नाही.