तळ्यातली तिरपी लाट

"आता तिरपी लाट द्या," कॅप्टन परेरा म्हणाले. ज्या जहाज कंपनीची ऑर्डर आम्हाला हवी होती, तिच्याकडून ते चाचणी बघायला आले होते.

तोवर सगळं झकास चाललं होतं. पिंपळगाव बसवंतला आमच्या मालकांच्या, म्हणजे जाधवसाहेबांच्या चुलतभावाचं शेततळं आहे. त्यात आमच्या तीन लोखंडी पेट्या तरंगत होत्या, एकामागे एक जोडलेल्या. हे आमच्या जहाजाचं मॉडेल.

बार्ज म्हणजे इंजिन नसलेली, माल भरायची सपाट तळाची मोठी पेटी. अशा तीन-चार जोडायच्या आणि मागून एका टगबोटीने ढकलायच्या. वाटेतल्या बंदरात एक पेटी सोडायची, बाकीच्या घेऊन पुढे निघायचं. शेतात ट्रॉली सोडून ट्रॅक्टर जातो ना, तसं. अडचण फक्त जोडाची. समुद्रात पुढची पेटी लाटेवर चढते तेव्हा मागची खाली असते. जोडाने वाकायचं, पण तुटायचं नाही.

तो जोड मी डिझाइन केला होता, नाशिकच्या अंबड भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये. आम्ही मूळचे गाडीचे पार्ट बनवणारे. ते काम आटलं होतं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही ऑर्डर नाही आली तर दुसरी शिफ्ट बंद. त्या शिफ्टची माणसं मला रोज विचारायची, "मॅडम, जहाजाचं काय झालं?"

आता नाशकात समुद्र कुठून आणायचा? साहेबांच्या भावाने, अण्णांनी, द्राक्षांच्या औषधाचे रिकामे ड्रम बांबूला बांधले. चार गडी ते दोराने वर ओढून पाण्यात सोडायचे. काय सुरेख लाटा उठत होत्या!

समोरून येणाऱ्या लाटांवर पेट्या छान डुलल्या. मग ड्रम कोपऱ्यात नेले. पहिली तिरपी लाट आली, पेट्यांना पीळ बसला आणि काडकन आवाज झाला. पुढची पेटी सुटून भलतीकडे निघाली.

कॅप्टननी चष्मा काढून पुसला. हातातली वही मिटली. ते जास्त लागलं.

पेट्या काठाला ओढल्या. जोडाचा कान, म्हणजे पिन अडकवायचं भोक असलेली पट्टी, तुटला होता. मी भोकात बोट घातलं आणि चक्रावले. पिनभोवती मी मुद्दाम जागा सोडली होती, त्याला आम्ही प्ले म्हणतो. पीळ पडला की पिनला हलायला तेवढीच जागा. तिथे चकचकीत पितळी बुश, म्हणजे ती जागा भरून टाकणारी नळी, बसवलेला!

"हे कोणी केलं?"

"मी," जाधवसाहेब म्हणाले. "काल हलवून बघितलं तर खडखड वाजत होतं. पाहुण्यांसमोर कसं दिसलं असतं? मीच बुश मारून घेतले."

मला भयंकर राग आला आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की सांगता येत नाही. डिझाइन चुकलं नव्हतं! आमच्याकडे सैल म्हणजे रिजेक्ट. साहेबांचा सगळा जन्म प्ले काढण्यात गेलेला.

कॅप्टन गाडीकडे वळले होते. मी पळत गेले. "सर, एकदाच. बुश काढून दाखवते."

"मॅडम, समुद्र दुसरी संधी देत नाही."

"म्हणून तर तळ्यात आलोय, सर!"

ते हसले आणि थांबले.

टेम्पोत जादा कान होते, तुटलेला बदलला. बाकीचे बुश साहेबांनी स्वतः हातोडीने काढले. पुन्हा ड्रम पडू लागले. तिरपी लाट आली. पेट्या पिळल्या, सरळ झाल्या, पुन्हा पिळल्या. जोड खडखड वाजत होता आणि धरून होता.

"अजून मोठी," कॅप्टन म्हणाले.

"गड्यांनो, लय जोर लावा!" अण्णा ओरडले. पाणी बांधावर आलं, माझे बूट भिजले. जोड हलला, पण सुटला नाही. मी चक्क टाळ्या वाजवत होते.

"खऱ्या मापाचा जोड बनवा," कॅप्टन म्हणाले. "पुढची ट्रायल समुद्रात."

दुसरी शिफ्ट चालू आहे. खऱ्या मापाचा पहिला जोड मात्र आमच्याच इन्स्पेक्टरने प्ले जास्त म्हणून रिजेक्ट केला. साहेबांना खाली जाऊन तो पास करवून घ्यावा लागला.

तेव्हापासून मी ड्रॉइंगवर जागा किती सोडायची एवढंच लिहीत नाही, का सोडायची तेही लिहिते. नुसता आकडा दिसला की आमची माणसं तो सुधारतात.