मावशींची खळ

कोरीटला आमच्या शेजारच्या मावशी गोधड्या शिवतात, पण टाचणीचं नाव काढलं की चिडतात. "टाचणी लपी बठस, मंग झोपेल पोरले टोचस." म्हणून त्या मैद्याची खळ शिजवतात, जुन्या साड्यांच्या थरांमध्ये बोटाने लावतात आणि थर चिकटून वाळले की निवांत टाके घालत बसतात. गोधडी देताना दम ठरलेला: "पहिले धोई काढ, मंग आंगवर ले. नहीते झुरळे येतीन." एकीने न धुताच पांघरली, तर भरदुपारी मावशींनी ती तिच्या अंगावरून ओढून नेली आणि स्वतः धुतली.

आई गेल्यावर तिच्या साड्या मी त्यांच्याकडे दिल्या. देताना वरची साडी क्षणभर नाकाशी धरली. मावशींनी ते पाहिलं.

गोधडी आणायला गेले, तेव्हा त्या ती पसरून उघड्या तळहाताने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चाचपत होत्या. मग गालही टेकवून पाहिला. शेजारी वाटीभर टाचण्या. मी बघतच राहिले.

"हाईमा खळ नही लायी," घडी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "धोवू नको."