सालीखालचा हिरवा

मुलाच्या अंगणात मेपलचं एक लहान झाड आहे. अमेरिकेतला हा भाग कोरडा, पाण्याची कायम टंचाई. म्हणून त्याने हिरवळ काढून खडी पसरली आणि इथल्याच डोंगरात आपोआप वाढणारं हे झाड लावलं. थंडी पडताच त्याची पानं लाल झाली आणि मग सगळी गळाली. आता नुसती काठी उभी आहे.

आमच्या गावी इतके महिने उघडं राहिलेलं झाड सरपणात जातं. मला भीती वाटते. रोज सकाळी मी एखाद्या फांदीची साल नखाने जराशी खरवडते. खाली हिरवं दिसलं की बरं वाटतं.

"आई, झोपलंय गं ते," मुलगा वैतागतो. "पाणी घालू नकोस, आणि असं सोलून मारू तर नकोसच."

"झोपलंय म्हणे! तुझे वडीलही झोपलेच होते."

ते गेले त्या दुपारी मी त्यांना चहाला हाक मारली, तेव्हा कळलं होतं. तेव्हापासून झोपलेल्या कशावरच माझा विश्वास नाही.

सकाळी सून चहा आणते, पण आधी दारात थांबून माझी गोधडी हलते का ते बघते. मी मुद्दाम खोकते. मग ती आत येते.

झाडाला खोकता येत नाही. आज शेंड्याच्या सालीखाली तपकिरी निघालं. बुंध्याला नख लावायचा धीर झाला नाही. तशीच आत आले.