लाल रेघेखालचा भासरा

विसरायची म्हणून ठरवलेली ही एक घटना आहे, आणि ती काही विसरली जात नाही. नोकरीत मी याहून मोठे गुन्हे पाहिले. त्यांतल्या आरोपींचे चेहरेसुद्धा आता आठवत नाहीत. या केसमधला म्हातारा मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा मी विश्रांतवाडी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. फिर्यादी संगणकावर टाइप व्हायला लागल्या होत्या. वरच्या साहेबांना शुद्धलेखनाचं भारी वेड. कागदात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की तो कागद शेरा मारून परत यायचा. चोर नाही सापडला तरी एक वेळ चालायचं, वेलांटी चुकलेली चालायची नाही. त्यामुळे आमच्या लेखनिक हवालदार बाईंनी संगणकातली शुद्धलेखन तपासणी कायम चालू ठेवलेली असायची. शब्द चुकला की खाली लाल रेघ यायची. बाई त्यावर टिचकी मारून यंत्राने सुचवलेला शब्द घेत आणि कागद स्वच्छ करूनच माझ्यासमोर ठेवत. बाई कामाला चोख होत्या, हे आधीच सांगून ठेवतो.

एके दिवशी सरकारी दवाखान्यातून खबर आली. डोक्याला जबर मार लागलेली एक तरुण बाई दाखल झाली होती. घरात भांडण होऊन तिच्या डोक्यात लोखंडी तवा घातला होता. कुटुंब विदर्भातलं, कामधंद्यासाठी पुण्यात आलेलं. नवरा कारखान्यात. तिलाही नुकतीच एका कारखान्यात रात्रपाळीची नोकरी लागली होती आणि घरातल्या वादाचं मूळ तेच होतं.

हवालदार बाई दवाखान्यात गेल्या, तिचं म्हणणं लॅपटॉपवर टाइप करून घेतलं, ठाण्यात येऊन नीट केलं, छापलं, परत जाऊन तिला वाचून दाखवलं आणि सही घेतली. सगळं नियमाप्रमाणे. फिर्यादीत लिहिलं होतं, 'सासऱ्याने माझ्या डोक्यात तवा मारला.' मारणाऱ्याचं नाव विचारल्यावर तिने मान खाली घातली. आमच्यात त्यांचं नाव घेत नाहीत, म्हणाली. सही झाल्यावर बाईंनी मग नवऱ्याला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं आणि आरोपीच्या रकान्यात भरलं. दुखापत गंभीर होती. म्हाताऱ्याला अटक झाली आणि न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

चौकशी मी स्वतः केली. खोटं बोलणाऱ्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, हा माझा अनुभव. याचे हात मांडीवर शांत होते. मी फिर्याद वाचून दाखवली. त्याने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, सूनबाईनं सांगतलं असंन तर तसंच असंन. त्यापुढे एक अक्षर नाही. मारलं का विचारलं, तर ना हो म्हणाला ना नाही. मध्येच एकदा त्याने विचारलं, की घरी लहान नात आहे, तिला कोण पाहतंय. मला वाटलं, केल्याचा पस्तावा होतोय. पोलिसाला एकदा आरोपी मिळाला की त्याचं सगळंच वागणं गुन्हेगाराचं दिसायला लागतं.

मग फोन आला. त्यांच्या गल्लीतला इस्त्रीवाला आमचा जुना खबऱ्या. अस्सल पुणेकर, त्यामुळे आधी कौतुक केलं. म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्याला आत टाकलंत, फार छान केलंत. मारणारा मात्र बॅग घेऊन रिक्षात बसून गेला. मी दुकानातून पाहत होतो. अडवायला हवं होतं का?"

मी तडक दवाखाना गाठला. बाईच्या डोक्याला पट्टी होती, पण ती उठून बसली होती. मला पाहताच तिने विचारलं, "साहेब, भासरे सापडले का?"

"कोण?"

"भासरे. माह्या मालकाचे मोठे भाऊ. त्याईनंच तं मारलं."

मी खिशातून फिर्यादीची प्रत काढली. ही तुम्हाला वाचून दाखवली होती ना, म्हटलं. हो म्हणाली. यात सासरा लिहिलंय, तेव्हा बोलला का नाहीत? ती हळूच म्हणाली, "मले वाटलं, तुमच्या पुण्यात भासऱ्याले सासराच म्हणत असतीन. तुमची भाषा शुद्ध. आपण कायले मधात बोलावं?"

आणि सासरे? मी विचारलं. ते तर गावी गेलेत ना, तिने मलाच विचारलं. नवऱ्याने तिला तेच सांगितलं होतं. मारहाण झाली तेव्हा तो कामावर होता; बायकोनेच बापाचं नाव दिलं असं समजून तो धुमसत होता, पण ती बरी होईपर्यंत विषय काढायचा नाही म्हणून गप्प होता. वास्तविक तिच्या नोकरीची बाजू घेणारा त्या घरात एकटा सासराच होता. रात्रपाळीला निघताना तिचा डबा तो भरायचा आणि नातीला थोपटून झोपवायचाही तोच. ते कुठे आहेत हे मी सांगितलं, तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला.

ठाण्यात येऊन मी हवालदार बाईंना 'भासऱ्याने' हा शब्द टाइप करायला सांगितला. केला. खाली लाल रेघ आली. टिचकी मारल्यावर यंत्राने पहिलाच शब्द सुचवला, 'सासऱ्याने'. ऐकला होता बाईंनी शब्द बरोबर, टाइपही बरोबर केला होता. पण हा शब्द त्यांच्या कानावर कधी आलेला नव्हता. रेघ दिसली तेव्हा आपलंच बोट चुकलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी सगळीकडचा भासरा एकदम बदलून टाकला. मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? स्वच्छ कागद बघून मीच त्यांची पाठ थोपटायचो.

थोरला दीर दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरला एका ओळखीच्याच्या खोलीवर सापडला. खाकी दिसताच पोपटासारखा बोलला. फिर्यादीचा पुरवणी जबाब घेतला, न्यायालयात अहवाल दिला आणि म्हाताऱ्याची सुटका झाली.

त्या दिवसापासून मी फिर्याद वाचून दाखवून थांबलो नाही. सांगणाऱ्यालाच विचारायचो, आता तुमच्या बोलीत परत सांगा. माणूस वर्दीपुढे घाबरून गप्प बसतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तो आदराने, भिडेपोटीही गप्प बसतो, हे कोणी शिकवत नाही. पण शिकलो ते दुसऱ्याच्या जिवावर, आणि त्याची खंत आजही आहे.

सुटकेच्या वेळी सून डोक्याची पट्टी सांभाळत ठाण्याच्या दारात येऊन उभी होती. वाकून पाया पडली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पट्टीला धक्का लागणार नाही असा. मग मुलाला म्हणाला, मले गावच्या गाडीत बसवून दे.

मी त्याला बाजूला घेऊन पुन्हा सगळं समजावलं. लाल रेघ, टिचकी, बदललेला शब्द. बाबा, तिने तुमचं नाव घेतलंच नव्हतं, चूक यंत्राची आणि आमची आहे, घरी जा. नातीला सांभाळायला कोणी नसलं तर सुनेला नोकरी सोडावी लागेल, हेही म्हटलं.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समजलं, सायेब. मशीन चुकलं. पण तुम्ही वाचलं अन् मले ते खरं वाटलं ना. माह्या लेकरावानी पोर, अन् कोठडीत बसून मी तिले नाही नाही ते बोललो मनात. आता तिच्या हातचं कोणत्या तोंडानं खाऊ?"

आणि तो मुलाच्या मागे फाटकाबाहेर पडला.